साडेपाच ते साडेसहा

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी कनिष्ठ लिपिक आहे. नोकरीला लागले ती प्रयोगशाळा परिचर म्हणून. माझे पती याच शाळेत शिपाई होते. ते अचानक गेले आणि २००८ साली अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. तेव्हा माझं शिक्षण दहावी. अकरावीला नाव घातलं होतं, पण लग्न ठरलं आणि कॉलेज तिथंच थांबलं. पुढे नोकरी करता करता मी पदवी घेतली, टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, संगणक शिकले. हे कसं जमलं असं विचारणाऱ्यांच्या ओठावर ‘जिद्द’ हे उत्तर आधीच तयार असतं. जिद्द लागतेच. पण माझ्याइतकीच जिद्द असलेली, माझ्याहून हुशार माणसं शाळांच्या व्हरांड्यात स्टुलावर बसून निवृत्त झालेली मी पाहिली आहेत. मला जे मिळालं ते त्यांना मिळालं नाही. ते काय होतं, हे सांगण्यासाठी लिहिते आहे.

परिचराचं काम बाहेरून सोपं दिसतं. परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं धुवायची, स्टँड पुसून ठेवायचे, प्रात्यक्षिकाच्या आधी टेबलं मांडायची, तास संपला की आवरायचं. पण कपाटात सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटल्या असतात, रॉकेलात बुडवून ठेवलेलं सोडियम असतं, स्पिरिटचे दिवे असतात आणि भोवती पन्नासेक मुलं असतात. सगळ्या बाटल्यांवरची नावं इंग्रजीत. विज्ञानाच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात मला उभं करून शिकवलं. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतायचं नाही. पाण्यात ॲसिड ओतायचं, हळूहळू, ढवळत. उलट केलं तर एकदम उष्णता निर्माण होते आणि ॲसिड उसळून अंगावर येतं. सोडियमला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून ते रॉकेलात. मग आम्ही दोघांनी बसून बाटल्यांना मराठी चिठ्ठ्या लावल्या. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद, हे कळलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या घरी द्राक्षबागेवर फवारायला वडील तेच आणायचे.

सरांनी हे शिकवलं, कारण त्यांना ते आपलं काम वाटलं. माझ्या नेमणुकीच्या आदेशात तसं काही लिहिलेलं नव्हतं आणि परिचरांसाठी कुठलं प्रशिक्षणही लागलं नव्हतं. सर वेगळ्या स्वभावाचे असते तर आपण हातात काय धरलं आहे हे न समजता मी बाटल्या पुसत राहिले असते. शाळेतल्या कर्मचाऱ्याचं शिकणं हा त्याचा खासगी मामला नाही, मुलांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, हे मला त्या कपाटासमोर पटलं.

पुढे शिकायचं सरांनीच डोक्यात घातलं. ‘मुक्त विद्यापीठात नाव घाला, वहिनी. बारावीची अट आडवी येत नाही,’ असं म्हणाले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीदवाक्य. बारावी न झालेल्यांसाठी तिथं ‘पूर्वतयारी’ नावाचा शिक्षणक्रम होता. तो केला की बी.ए.ला प्रवेश मिळायचा. माझ्यासारख्या, शाळा सुटलेल्या कितीतरी बायांना त्या एका दारानं आत घेतलं.

नोकरीत असताना शिकायचं तर संस्थेची पूर्वपरवानगी लागते. नाहीतर पुढे ती पदवी सेवापुस्तकात नोंदवताना अडचण येते. हे मला कुठून माहीत असणार? मुख्याध्यापकांनीच अर्जाचा मसुदा सांगितला आणि स्वतःच्या शिफारशीसह तो पुढे पाठवला. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांनी विचारलं, ‘परिचराला बी.ए. कशाला हवंय?’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘शाळेत आहेत म्हणून हवंय.’ परवानगीचं पत्र आलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मला ऑफिसात बोलावून त्यांनी विचारलं, ‘घरी अभ्यास कुठं आणि कधी करणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी दोन लहान मुलं, सासूबाई, दोन खोल्या, संध्याकाळी स्वयंपाक आणि पाण्याची धावपळ. आमच्या भागात पाण्याची धावपळ हे एक वेगळंच काम असतं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘शाळा पाचला सुटते. साडेपाचला प्रयोगशाळा आवरून होते. साडेपाच ते साडेसहा तुम्ही ग्रंथालयात बसायचं. तेवढ्या वेळात तुम्हाला कुणी काम सांगणार नाही.’ शाळा बंद करायची पाळी मामांनी घेतली. मामा म्हणजे आमचे ज्येष्ठ शिपाई. मुलंही त्यांना मामाच म्हणायची. वर्गांच्या खिडक्या लावणं, नळ बघणं, मागचं फाटक, सगळं ते करायचे आणि साडेसहाला ग्रंथालयाच्या दारात किल्ल्या घेऊन उभे राहायचे. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘शिक तू. पोरं मी बघते. रात्रीच्या भाकरी मी थापते.’

बाहेरून बघणाऱ्याला तो एक तास फार मोठा वाटणार नाही. पण घर आणि नोकरी यांच्यामध्ये सापडलेल्या बाईला स्वतःच्या हक्काचा एक तास कुणी लिहून दिला, तर त्याची किंमत तिलाच ठाऊक. तो तास मागून घ्यावा लागत नव्हता, चोरावा लागत नव्हता, त्याबद्दल कुणाचे आभार मानावे लागत नव्हते. तो वेळापत्रकात होता.

मुक्त विद्यापीठाची पुस्तकं एकट्यानं वाचून समजावीत अशी लिहिलेली असतात. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी सारांश. रविवारी तालुक्याच्या कॉलेजात संपर्कसत्रं व्हायची. तिथं कोण कोण भेटायचं! अंगणवाडीच्या ताई, एसटीचे कंडक्टर, होमगार्ड, एक पतसंस्थेचे वसुली कारकून. वाचलेलं समजायचं, पण लिहायला बसलं की चार ओळींत संपायचं. दहावीनंतर इतकी वर्षं पेन हातात धरला होता तो सहीपुरता. इथं दुसरी मदत कामाला आली. इतिहासाच्या सरांनी ठरवलं की आठवड्याला एक उत्तर मी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचं आणि त्यांनी ते तपासून द्यायचं. त्यांची पद्धत छान होती. लाल पेनानं ते चूक दाखवत नसत. समासात प्रश्न लिहीत. ‘हे कशामुळे झालं?’ ‘याचं एक उदाहरण?’ ‘हा मुद्दा आधी यायला हवा का?’ त्या प्रश्नांना उत्तरं देता देता माझं चार ओळींचं उत्तर दोन पानांचं झालं. मराठीच्या बाईंनी शुद्धलेखन बघितलं. या दोघांनी माझ्यासाठी वर्ग भरवला नाही, नोट्स दिल्या नाहीत. मी लिहिलेलं वाचलं. प्रौढ वयात शिकणाऱ्याला याचीच सगळ्यात जास्त गरज असते. पुस्तकं मिळतात, फी कशीतरी भरली जाते, पण आपण लिहिलेलं लक्ष देऊन वाचणारा माणूस मिळत नाही.

माझ्या विषयांमध्ये लोकप्रशासन होतं. अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, अधिकारांचं वाटप, हे शब्द मी ऑफिसात रोज कानांवरून जाताना ऐकत होते. पुस्तकात त्यांचा अर्थ कळला आणि शाळेचं ऑफिस मला पहिल्यांदा उलगडलं. वेतन अनुदान वेगळं, वेतनेतर अनुदान वेगळं. खडू, वीजबिल आणि प्रयोगशाळेची रसायनं कुठल्या खात्यातून येतात. आणि मार्चअखेर जवळ आली की हेडक्लार्क भाऊसाहेब एवढे का चिडतात! शिकणं आणि काम ही माझ्यासाठी दोन वेगळी टोकं राहिली नाहीत.

परीक्षा उन्हाळ्यात असायच्या. शाळेतल्या लिपिकांना आणि शिपायांना शिक्षकांसारखी उन्हाळी सुटी नसते. त्यांच्या खात्यावर अर्जित रजा असते. मे महिन्यात शिक्षक गावाला जातात तेव्हा ऑफिस उघडं असतं. निकाल, दाखले, नवे प्रवेश, सगळं त्याच काळात. म्हणून मुख्याध्यापक जानेवारीतच माझं परीक्षेचं वेळापत्रक मागून घ्यायचे आणि त्या दिवसांची रजा आधीच ठरवून ठेवायचे. मी बी.ए. झाले तेव्हा प्रार्थनेच्या वेळी त्यांनी ते मुलांना सांगितलं. माझी थोरली मुलगी त्या रांगेत उभी होती.

पुढे टंकलेखन. लिपिकपदासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाच्या परीक्षा मी दिल्या. त्या पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. त्याच सुमाराला एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रमही केला. शाळेत लिपिकाची जागा रिकामी झाली, संस्थेनं पदोन्नतीचा प्रस्ताव पाठवला, मान्यता आली आणि माझी खुर्ची प्रयोगशाळेतून ऑफिसात आली.

ऑफिसातलं काम हाती आलं तेव्हा शाळांचा सगळा कारभार कागदावरून पडद्यावर चालला होता. पगारबिलं ‘शालार्थ’वर. २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन. मग शाळेची माहिती भरायचं यूडायस, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, बोर्डाची आवेदनपत्रं. शिक्षकांची प्रशिक्षणं होत होती. आम्हाला मात्र बहुतेक वेळा एक पासवर्ड आणि एक शेवटची तारीख मिळायची. मग आम्ही आसपासच्या शाळांच्या लिपिकांनी आपापसांत सोय केली. दुपारी चारनंतर एकमेकांना फोन. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कुणाच्या तरी ऑफिसात जमायचं. ज्याला जे कळलंय त्यानं ते करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी वहीत पायऱ्या लिहून घ्यायच्या. माझ्याकडे ती वही अजून आहे आणि नव्यानं लागलेल्या प्रत्येक लिपिकाला मी ती दाखवते. माणसं एकमेकांना शिकवू शकतात, याबद्दल मला तेव्हापासून शंका नाही. पण सरकारी काम शिकायला एकमेकांच्या ओळखीवर अवलंबून राहावं लागू नये, हेही तितकंच खरं.

लिपिकाच्या शिक्षणाचं मोल कळायचं असेल तर जनरल रजिस्टर उघडून बघावं. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, जन्मगाव, हे सगळं त्या एका ओळीत असतं. मूल शाळा सोडून गेलं की त्यातलं एक अक्षरही वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. एक वेलांटी चुकली तर आधारकार्ड जुळत नाही, शिष्यवृत्ती अडते, जातपडताळणीला कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत जायची वेळ येते. माहितीच्या अधिकारात अर्ज आला तर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शिपायांचंही तसंच. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. पण मुलांना स्वच्छतागृहाकडे जाताना, मधल्या सुटीत, शाळा सुटल्यावर सगळ्यात जास्त बघणारी माणसं म्हणजे मामा आणि मावशी. लक्षण कसं ओळखायचं, कुणाला सांगायचं, हे त्यांना शिकवायला नको का? आमच्या भागात साप निघतो. मूल ‘साप चावला’ म्हणून ओरडत आलं की पहिला हात शिपायाचा लागतो. जखम चिरायची नाही, आवळून बांधायची नाही, मुलाला चालवायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे त्याला माहीत असलं पाहिजे.

मी लिपिक झाल्यावर ग्रंथालयातला तो तास रिकामा राहू दिला नाही. पहिल्यांदा आल्या पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. सातवीनंतर शाळा सुटलेली. ‘आता ह्या वयात काय व्हायचंय माझं?’ असं म्हणत आल्या, पण आल्या. बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं ऑफिसच्या फळ्यावर लिहिलेलं पाहिलं होतं. तो आपल्यासाठीही असू शकतो, हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या गावच्या शाळेतून दाखला काढून आणला आणि फॉर्म भरला.

त्यांना गणिताची धडकी होती. गणिताच्या सरांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘आज पाचवीची ४० मुलं आहेत, सहावी ते आठवीची ८४. तांदूळ किती काढाल?’ पाचवीला माणशी १०० ग्रॅम, वरच्या वर्गांना १५०. ताईंनी छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘सोळा किलो सहाशे.’ कागद न घेता. सर म्हणाले, ‘गुणोत्तर आणि प्रमाण तुम्हाला येतं. आता ते कागदावर मांडायचं कसं, तेवढंच शिकायचंय.’ पातेल्याच्या तळावरून परीघ आणि क्षेत्रफळ झालं, मिठा-मसाल्याच्या हिशेबातून शेकडेवारी झाली. भूमितीची प्रमेयं मात्र पाठ करावी लागली आणि इंग्रजी तर फारच अवघड गेलं. नववीतली एक मुलगी रोज दहा मिनिटं त्यांना धडे वाचून दाखवायची. ताई दहावी झाल्या. मानधन वाढलं नाही. पण साठा नोंदवही आता त्या स्वतः लिहितात. तांदळाच्या गोणीचं वजन कमी भरलं तर ते तिथल्या तिथं नोंदवून घेतात. पालकांच्या बैठकीत उभ्या राहून बोलतात. मुलांच्या ताटात काय पडतं, यावर एका दहावी झालेल्या बाईची नजर आहे. शाळेला याहून मोठा फायदा कुठला हवा?

मामांनी पदवी-बिदवी मागितली नाही. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. त्यांना सेवापुस्तक वाचायला शिकायचं होतं. आपली वेतनवाढ कधी लागली, रजा किती शिल्लक आहे, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी कशी वाचायची, निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावाला काय काय जोडतात. आम्ही त्यांच्या सेवापुस्तकाचं पान न् पान एकत्र वाचलं. वारसाच्या नोंदीपासून पडताळणीच्या शिक्क्यांपर्यंत काय राहिलं आहे याची यादी त्यांनी स्वतःच्या हातानं केली आणि निवृत्तीच्या आधी सगळं पुरं करून घेतलं. स्वतःच्या नोकरीचा कागद स्वतःला वाचता येणं, हेही शिक्षणच आहे.

आता काळ आणखी अवघड झाला आहे. ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणी पदं, आहेत ती माणसं निवृत्त झाली की पुन्हा नियमित वेतनावर भरायची नाहीत, त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचा, असं ठरलं. मामांच्या जागी आता भत्त्यावर काम करणारी एक तरुण मुलगी आहे. तिला सेवापुस्तक नाही, पदोन्नतीची वाट नाही. मी परिचराची लिपिक झाले ती वाट तिच्यासाठी बंद आहे. म्हणून तिच्या हातात पात्रता देणं हे आमच्यावर जास्तच बंधनकारक आहे. तीसुद्धा बारावी अर्धवट सोडून आली आहे आणि साडेपाचला ग्रंथालयात बसते. फाटक आणि खिडक्या आता आम्ही ऑफिसातली माणसं आळीपाळीनं बघतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. ते योग्यच आहे. शिक्षकांसाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, केंद्रावरच्या शिक्षण परिषदा आहेत, दीक्षासारखं ॲप आहे. पण त्या ५० तासांत लिपिक, परिचर, ग्रंथपाल, शिपाई, स्वयंपाकी ताई येत नाहीत. आमच्यासाठी निम्मे तास धरले तरी खूप होईल: जनरल रजिस्टर आणि सेवापुस्तक, ऑनलाइन कामं, प्रयोगशाळेतली सुरक्षितता, प्रथमोपचार, मुलांचं संरक्षण. शिकवणारी माणसं त्याच तालुक्यात आहेत. आरोग्य केंद्राचे डॉक्टर, निवृत्त हेडक्लार्क, विज्ञानाचे शिक्षक. यादीत आमची नावं घालायची आहेत, एवढंच.

सरकारी निर्णयाची वाट न बघता एखादी शाळा स्वतःहून काय करू शकते, हे मात्र मी अनुभवानं सांगू शकते. जूनच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक शिक्षकेतर कर्मचाऱ्याला विचारा, ‘यंदा काय शिकायचंय?’ परवानगीचा अर्ज त्याच्याकडून तिथंच लिहून घ्या. त्याला रोजचा एक ठरावीक तास द्या आणि त्या तासात त्याचं काम कोण करणार, ते नावानिशी लिहा. बसायला दिव्याखालची जागा द्या. त्यानं लिहिलेलं वाचणारा एक शिक्षक नेमा. परीक्षेची रजा आधी मंजूर करा. आणि तो पास झाला की मुलांसमोर सांगा. यातल्या कुठल्याच गोष्टीला अनुदान लागत नाही. वर्गांचं वेळापत्रक तयार करताना शेवटी एक रकाना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासाचा आखा. आमच्या शाळेत तो रकाना दरवर्षी मी स्वतः आखते आणि मुख्याध्यापक त्यावर सही करतात.